विश्लेषण : वर बिशप नाही, मग बाप्टिस्ट चर्चचा कारभार चालतो कसा? मराठीचे व्याकरण छापणाऱ्या विल्यम कॅरी यांच्या आयुष्यातून...

मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मनोरीत उतरले की गावातले क्रूस आणि चर्च लगेच नजरेत भरतात. इथल्या ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबांच्या पॅरिशमध्ये कोणते फादर येणार आणि त्यांची बदली कधी होणार, हे गावकरी ठरवत नाहीत. तो निर्णय मुंबईच्या आर्चबिशपांचा, आणि आर्चबिशपांची नेमणूक रोममधून होते. मुंबई आणि साष्टीच्या पट्ट्यात तर १९२८ पर्यंत पोर्तुगालच्या आश्रयाखालची धर्मसत्ता आणि थेट रोमच्या अखत्यारीतली धर्मसत्ता अशा दोन सत्ता शेजारी शेजारी नांदत, भांडत होत्या. पण आदेश वरून खाली येतो, याबद्दल दोघींतही दुमत नव्हते.

बाप्टिस्ट पंथात ही उतरंडच नाही. तिथे चर्चचा पाळक सभासद मतदानाने निवडतात आणि नको असेल तर तेच त्याला निरोप देतात. अशी अनेक चर्च एकत्र येऊन संघ करतात, पण त्या संघाला सभासद चर्चवर हुकूम सोडता येत नाही. ही पद्धत कशी चालते आणि कुठे अडते, हे समजायला विल्यम कॅरी यांचे आयुष्य उपयोगी पडते. मराठी वाचकाला हे नाव १८०५ च्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० च्या मोडी लिपीतल्या मराठी-इंग्रजी कोशामुळे ठाऊक असते. त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा झगडा मात्र कारभाराचा होता, आणि तो त्यांच्याच पंथातल्या लोकांशी झाला.

कॅरी कोण होते?

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी गावात १७ ऑगस्ट १७६१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील आधी विणकर, नंतर गावचे शाळामास्तर. मुलगा चर्मकाराकडे उमेदवारीला लागला आणि जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक शिकला. जन्माने तो इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा, म्हणजे बिशपांच्या व्यवस्थेतला. तिथून तो हळूहळू बाहेर पडला आणि ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्थॅम्प्टनजवळ नेन नदीत त्याने बाप्तिस्मा घेतला. बाप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने स्वतः विश्वास कबूल करावा आणि मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यावा, असा त्यांचा दंडक आहे. त्यांच्या कारभाराचे मूळही इथेच आहे. जो आपल्या मर्जीने आत आला, त्याला निर्णयात मत असलेच पाहिजे.

मंडळी पाळक कशी निवडते?

कॅरींना उपदेश करायचा होता, पण त्यासाठी एखाद्या बिशपची सही लागणार नव्हती. लागणार होती ती आपल्या मंडळीची संमती. ते ओल्नी गावच्या मंडळीचे सभासद होते. तिने १७८५ मध्ये त्यांचे प्रवचन ऐकले आणि निर्णय लांबणीवर टाकला. अजून काही दिवस बोलत राहा, मग बघू, असा तो निकाल होता. संमती मिळायला १७८६ चा ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात मोल्टन गावच्या छोट्या मंडळीने त्यांना बोलावले होते. ती इतकी गरीब होती की पाळकाला शाळा आणि जोड्यांचा धंदा दोन्ही चालू ठेवावे लागले. त्यांच्या दीक्षाविधीला आजूबाजूचे पाळक हजर राहिले ते साक्षीदार आणि सहकारी म्हणून. निवड मोल्टनच्या सभासदांची होती.

१७८९ मध्ये ते लेस्टर शहरातल्या हार्वे लेन मंडळीत गेले, आणि या पद्धतीची दुसरी बाजू त्यांच्या वाट्याला आली. मंडळीत दारू, बेशिस्त आणि गटबाजी माजली होती. बिशप असता तर त्याच्याकडे तक्रार गेली असती. इथे जाणार कुठे? कॅरींनी सुचवलेला उपाय धाडसी होता. १७९० मध्ये मंडळीच विसर्जित करायची, नवा करारनामा लिहायचा आणि ज्यांना तो मान्य असेल त्यांनीच पुन्हा सभासद व्हायचे. सभासदांनी तो मान्य केला. काही जण परतले नाहीत, त्यांना कुणी परत आणूही शकले नाही. एखाद्या सहकारी सोसायटीने स्वतःला मोडीत काढून नव्याने नोंदणी करावी, तसलाच हा प्रकार.

मग संघ करतो काय?

एकेकटी मंडळी दुबळी असते. म्हणून एका भागातल्या मंडळ्या संघ स्थापन करत. कॅरींच्या भागात नॉर्थॅम्प्टनशायर संघ होता. दरवर्षी एका गावी बैठक भरे. प्रत्येक मंडळी आपले प्रतिनिधी पाठवी आणि त्यांच्या हाती एक पत्र देई. वर्षात किती बाप्तिस्मे झाले, किती जण वारले, किती जणांना काढून टाकले, काय अडचणी आल्या, हे सगळे त्यात असे. पत्रे मोठ्याने वाचली जात, बैठकीपुरता एक अध्यक्ष निवडला जाई आणि शेवटी संघाकडून सर्व मंडळ्यांना एक छापील परिपत्रक जाई. परिपत्रक हा आपल्याकडच्या सरकारी अर्थाने घेऊ नये. ते आज्ञापत्र नसे, एखाद्या विषयावर लिहिलेला उपदेश असे.

संघाची हद्द आधीच ठरून गेली होती. १६८९ मध्ये लंडनमध्ये शंभराहून अधिक मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी स्वीकारलेल्या विश्वासनाम्यात ती स्पष्ट आहे. मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र जमून वादावर विचार करू शकतात आणि सल्ला देऊ शकतात, पण त्यांना कोणत्याही मंडळीवर अधिकार चालवता येत नाही, तिच्यावर किंवा तिच्या माणसांवर शिक्षा लादता येत नाही, निर्णय थोपवता येत नाही.

सल्ला धुडकावला तर? संघ त्या मंडळीचा पाळक हटवू शकत नाही आणि तिच्या इमारतीला कुलूप लावू शकत नाही. त्याच्या हाती एकच हत्यार उरते : संबंध तोडणे. ती मंडळी संघाबाहेर जाते, तिचे प्रतिनिधी बैठकीत बसत नाहीत. तरीही ती मंडळी म्हणून जिवंत राहते. कमकुवत वाटणारी ही तरतूद व्यवहारात बरीच धारदार असे, कारण एकाकी पडलेल्या छोट्या मंडळीला नवा पाळक, मदत, ओळखपाळख सगळेच दुर्मीळ होई.

संघातून मिशन कसे निघाले?

इतर देशांत धर्मप्रचारक पाठवावेत, हा विचार कॅरी संघाच्या वर्तुळात सतत मांडत. एका ज्येष्ठ पाळकाने त्यांना दटावून खाली बसवले, अशी गोष्ट फार सांगितली जाते. त्या पाळकाच्या मुलानेच मात्र तिच्या खरेपणावर शंका घेतली होती. मे १७९२ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तिका छापली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅमला संघाच्या वार्षिक बैठकीत प्रवचन दिले. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावात एका विधवेच्या घरी मोजकी मंडळी जमली, १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची आश्वासने गोळा झाली आणि बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली. अँड्र्यू फुलर तिचे चिटणीस झाले.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा सांधा निखळला. ही सोसायटी म्हणजे चर्च नव्हते, चर्चचा संघही नव्हता. ती वर्गणीदारांची संस्था होती. तिच्या समितीला मंडळ्यांनी निवडलेले नव्हते आणि १६८९ ची मर्यादा तिला लागू होते असे कुणी म्हटले नव्हते. त्या दिवशी ते कुणाला खुपलेही नसावे.

भारतात जाण्यासाठीही कॅरींनी लेस्टरच्या मंडळीची परवानगी घेतली, आणि तिने जड मनाने ती दिली. घरी मात्र असे झाले नाही. पत्नी डोरोथी तयार नव्हत्या, गरोदर होत्या, तरी कॅरींनी जायचे ठरवले. जहाज लांबले म्हणून शेवटच्या क्षणी त्यांचे मन वळवण्यात आले. भारतात पोहोचल्यावर वर्षभरात त्यांचा पाच वर्षांचा पीटर दगावला, डोरोथींचे मानसिक संतुलन ढळले आणि १८०७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. सभासदांच्या मताला इतके जपणाऱ्या माणसाच्या चरित्रातला हा भाग अनेक चरित्रकार घाईने उरकतात.

सेरामपूरमध्ये कोणते नियम होते?

नोव्हेंबर १७९३ मध्ये कॅरी कलकत्त्याला उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून त्यांनी बंगालमधल्या मदनावती इथे निळीच्या कारखान्यात नोकरी केली. जानेवारी १८०० मध्ये ते हुगळीकाठच्या सेरामपूरला आले. तिथे डॅनिश अंमल होता. (बंगालीत हे श्रीरामपूर; नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही.) जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड त्यांच्यासोबत होते.

पहिल्याच महिन्यात त्यांनी एकत्र राहण्याचे नियम केले. घरचा कारभार प्रत्येकाने महिन्या-महिन्याने पाहायचा. प्रवचन पाळीपाळीने करायचे. खासगी व्यापार कुणी करायचा नाही, सगळी कमाई सामाईक खात्यात जाईल. शनिवारची संध्याकाळ तक्रारी मिटवण्यासाठी राखलेली. कॅरी खजिनदार होते आणि औषधांची पेटीही त्यांच्याकडे होती. एप्रिलमध्ये रीतसर मंडळी स्थापन झाली तेव्हा त्यांना पाळक निवडण्यात आले.

पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागले. पगार आधी महिना ५०० रुपये, नंतर १,००० झाला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांचे मराठीचे काम चालले. या मोठ्या पगारातला बहुतेक भाग सामाईक खात्यात जाई. त्याच पैशातून छापखाना, जागा, शाळा उभ्या राहिल्या. नंतरचे भांडण समजायला हे लक्षात ठेवावे लागते.

ऑक्टोबर १८०५ मध्ये त्यांनी एक लेखी करार केला. भारतीय ख्रिस्ती लोकांच्या स्वतंत्र मंडळ्या व्हाव्यात, त्यांनी आपले पाळक आणि डीकन आपल्यातूनच निवडावेत, असे त्यात होते. काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती. पण त्या भागातल्या मिशनरीची देखरेख राहील, हेही त्यातच होते. इंग्लंडमधल्या कुठल्याही संघाने अशी देखरेख स्वतःच्या मंडळ्यांवर सहन केली नसती. करार लिहिणाऱ्यांना ही विसंगती दिसली नाही, किंवा दिसूनही त्यांनी ती चालवून घेतली.

भांडण कशावरून झाले?

फुलर असेपर्यंत समिती आणि सेरामपूर यांचे नाते मैत्रीवर चालले. १८१५ मध्ये ते वारले, आणि पुढे सोसायटीचा कारभार लंडनकडे सरकला. नव्या समितीने हिशेब मागितले आणि सेरामपूरची मालमत्ता कुणाच्या नावावर आहे, असे विचारले. समितीचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला विश्वस्त कोण हे माहीत असायला हवे. सेरामपूरच्या तिघांचे म्हणणे असे की ही मालमत्ता बहुतांशी त्यांच्या कमाईतून उभी राहिली, ती त्यांनी मिशनसाठीच विश्वस्त म्हणून धरली आहे आणि तिचा कारभार इंग्लंडहून चालणार नाही. त्यातच इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांचे वडीलधाऱ्यांशी पटेना. त्यांनी कलकत्त्यात वेगळे केंद्र काढले, आणि त्यांत कॅरींचा पुतण्या युस्टेस हाही होता. घरातच फूट पडली.

वॉर्ड १८२३ मध्ये पटकीने गेले. १८२७ मध्ये सेरामपूर आणि सोसायटी अधिकृतपणे विभक्त झाले. जी संस्था कॅरींनी जन्माला घातली, तिच्यातून ते सहासष्टाव्या वर्षी बाहेर पडले. बाप्टिस्ट पद्धतीत मंडळीच्या स्वातंत्र्याला भक्कम आधार होता, पण मंडळी नसलेल्या समितीला आवरणारा एकही नियम नव्हता. ज्याच्या हाती पैसा आणि खरेदीखत, त्याचा सल्ला आपोआप हुकूम होतो, हे या वादात दोन्ही बाजूंनी अनुभवले.

त्याच वर्षी डेन्मार्कच्या राजाने सेरामपूर कॉलेजला सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार दिला. कॉलेजचा कारभार कौन्सिलकडे गेला, लंडनच्या समितीकडे नाही. १८४५ मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकले तेव्हाही सनद टिकली. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसह देशातल्या अनेक धर्मशिक्षण संस्था आजही सेरामपूरशी संलग्न आहेत.

शेवटची वर्षे ओढगस्तीची होती. कलकत्त्यातल्या बड्या पेढ्या बुडाल्या आणि ठेवी गेल्या. ९ जून १८३४ रोजी कॅरी वारले. मृत्युपत्रात त्यांनी सेरामपूरच्या मिशनच्या जागेवर आपला कसलाही हक्क नाही, असे लिहून ठेवले होते. मुलगा जाबेझ याला १,५०० रुपये द्यायचे, तर ते पुस्तकांचा लिलाव करून. लंडनशी झालेल्या भांडणात मालमत्ता लाटल्याचे शिंतोडे ज्या माणसावर उडाले, त्याचा हा हिशेब. १८३७ च्या अखेरीस मार्शमनही गेले, आणि त्याच सुमारास मिशन पुन्हा सोसायटीत विलीन झाले.

आज काय स्थिती आहे?

महाराष्ट्रात बाप्टिस्ट नाव फारसे कानावर पडत नाही. इथे १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन कारभाराच्या दृष्टीने त्यांचे जवळचे भावंड. तेही मंडळीच्या स्वायत्ततेवर चालणारे, पण तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा मानणारे.

कॅरींच्या सोसायटीच्या कामातून उत्तर भारतात वाढलेल्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी मात्र निर्णायक वळण घेतले ते नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यांत त्याही होत्या. लहान मुलांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य करण्याची तडजोड झाली. आणि बाप्टिस्टांनी, तीनशेहून अधिक वर्षे नाकारलेली गोष्ट स्वीकारून, बिशप मान्य केले.

ईशान्येकडच्या बाप्टिस्ट मंडळ्या त्या विलीनीकरणात गेल्या नाहीत. नागालँडमध्ये त्यांची संख्या सर्वांत मोठी. तिथली नागालँड बाप्टिस्ट चर्च कौन्सिल १९३७ पासून काम करते. निवडणुकीत पैसे आणि दारू वाटू नका, घेऊ नका, अशी मोहीम ही कौन्सिल चालवते. राज्यातले राजकीय पक्ष तिच्याकडे दुर्लक्ष करू शकत नाहीत. पण एखाद्या गावच्या मंडळीने ते आवाहन फळ्यावर लावून विसरून जायचे ठरवले, तर कौन्सिलला पुढच्या वर्षी पुन्हा आवाहनच करावे लागते.