लिसानुद्दीन इब्नुल खतीब : साथीच्या काळातील साक्षीदार

अंदलुस म्हणजेच मुस्लिम स्पेनच्या अखेरच्या पर्वात ज्या विद्वानांनी ज्ञानाचा दीप तेवत ठेवला, त्यांत लिसानुद्दीन इब्नुल खतीब (रह.) यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचा जन्म हिजरी ७१३ (इ.स. १३१३) मध्ये ग्रनाडानजीकच्या लोशा गावी झाला. दीनी विद्या आणि अरबी साहित्य यांच्या जोडीने त्यांनी इब्न हुझैल यांच्याकडे वैद्यकाचेही शिक्षण घेतले. इ.स. १३४० मध्ये तरीफाच्या लढाईत त्यांचे वडील व थोरले बंधू शहीद झाले. पुढे ग्रनाडाच्या दरबारात ते चिटणीस झाले. निद्रानाशामुळे रात्रीही त्यांचे लेखन चाले. म्हणून लोक त्यांना दोन आयुष्यांचा धनी म्हणत.

हिजरी ७४९ (इ.स. १३४८) मध्ये ताऊन, म्हणजे प्लेग, अंदलुसमध्ये शिरला. घरेच्या घरे ओस पडली. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले, ते दरबारी लेखनाचे प्रमुख इब्नुल जय्याबही या साथीत दगावले आणि ती जबाबदारी इब्नुल खतीब यांच्यावर आली.

याच काळात एक वाद पेटला. रोग आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, अशा आशयाची हदीस सर्वपरिचित आहे. तिच्या शब्दार्थावर बोट ठेवून काही मुफ्तींनी संसर्ग मानणेच नाकारले. त्यांच्या भूमिकेमागे एक खरी चिंताही होती. संसर्गाच्या भीतीने सारेच दूर पळाले, तर आजाऱ्याची शुश्रूषा कोण करणार आणि मयताला गुस्ल व कफन कोण देणार?

इब्नुल खतीब यांनी या साथीवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि डोळ्यांनी दिसणारे पुरावे लोकांपुढे मांडले. रोग्याच्या सहवासात राहणारे बहुधा मरतात, अलिप्त राहणारे वाचतात. रोग्याचे वस्त्र, भांडे, इतकेच काय, कानातला दागिनाही रोग पोहोचवतो. निरोगी बंदरात बाधित प्रदेशातील माणूस उतरला की त्याच्या पाठोपाठ साथ सुरू होते. सला नगरातील एका सत्पुरुषाने धान्याचा साठा करून कुटुंबासह घराचे दार बंद करून घेतले, आणि नगरात मृत्यूचे थैमान चालू असता त्याच्या घरी एकही जीव गेला नाही, हेही त्यांनी नोंदवले. अनुभव व इंद्रियांची साक्ष जेथे निःसंदिग्ध असेल, तेथे वचनाची तावील करावी, म्हणजे त्याचा अर्थ नीट उलगडावा, हा त्यांचा सिद्धांत होता. संसर्ग नाकारणाऱ्या फतव्यांमुळे माणसे मरत आहेत, हे त्यांनी कठोर शब्दांत सुनावले.

यात हदीसचा अवमान होता काय? मुळीच नाही. अल्लाहच्या हुकमाविना रोगाला स्वतःची शक्ती आहे, ही जाहिलियतची समजूत त्या हदीसने खोडून काढली. आजारी उंट निरोगी उंटांत मिसळू नयेत, साथीच्या भूमीत जाऊ नये आणि तेथून पळूनही जाऊ नये, ही शिकवणही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच आहे. हजरत उमर (रजि.) यांनी सहाबांशी सल्लामसलत करून सर्ग येथूनच लष्कर माघारी वळवले होते. कारणांची दखल घेणे आणि कारणांच्या निर्मात्यावर भरवसा ठेवणे या दोन्ही गोष्टी मोमिनाच्या हृदयात एकत्र नांदतात.

इब्नुल खतीब यांचा शेवट दुःखद झाला. दरबारी वैरामुळे त्यांना मोरोक्कोत आश्रय घ्यावा लागला. तसव्वुफवरील त्यांच्या लेखनाच्या आधारे त्यांच्यावर धर्मभ्रष्टतेचा आरोप ठेवण्यात आला, त्यांचे ग्रंथ ग्रनाडात जाळले गेले आणि हिजरी ७७६ (इ.स. १३७४) मध्ये फासच्या तुरुंगात गळा आवळून त्यांची हत्या झाली. साथीवरील पुस्तिका हे त्याचे कारण नव्हते. पण जाणकाराचे तोंड बंद करणे सत्तेला किती सोपे असते, हे त्यातून दिसते.

इ.स. २०२० मध्ये मशिदींतील जमात थांबवावी लागली, तेव्हा तोच जुना प्रश्न आम्हा इमामांपुढे उभा राहिला. रोग कसा पसरतो, हे सांगणे तबीबाचे काम. त्या माहितीच्या प्रकाशात शरीअतचा हुकूम सांगणे आलिमाचे. तबीबाला न विचारता दिलेला निर्णय अपुरा राहतो. आणि शुश्रूषा व दफन यांची काळजी न वाहणारे ज्ञानही तितकेच अपुरे. मिंबरावरील एका शब्दावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात. त्याचा हिशेब आखिरतमध्ये द्यावयाचा आहे.

अल्लाह तआला इब्नुल खतीब यांना क्षमा करो, आणि जाणकारांना विचारण्याची विनम्रता आम्हांस देवो. आमीन.