विश्लेषण : थॅलेसेमिया, सिकलसेल आणि मलेरिया यांचे नाते ओळखणारे हाल्डेन कोण होते?

भिवंडी : लग्नाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या, असे डॉक्टरांनी सुचवले की अनेक घरांत तो खानदानावरचा डाग वाटतो. मुळात हे विकार काही समाजांत जास्त आणि काहींत कमी का? याचे उत्तर शोधण्याची दिशा दाखवली जे. बी. एस. हाल्डेन यांनी. जन्माने ब्रिटिश असलेल्या या शास्त्रज्ञाचा शेवट भारतात झाला.

विज्ञानाची पदवीच नव्हती

हाल्डेन यांचा जन्म 1892 मध्ये ऑक्सफर्डला झाला. वडील शरीरशास्त्रज्ञ होते आणि विषारी वायूंच्या प्रयोगांत लहानग्या मुलालाही सोबत घेत. हाल्डेन आधी गणित शिकले, मग ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना भारतात आणले गेले, ती या देशाशी पहिली ओळख. पुढे केंब्रिज आणि लंडनमध्ये त्यांनी आनुवंशिकतेला गणित जोडले.

हिमोफिलियाचा हिशोब

हिमोफिलियात रक्त लवकर गोठत नाही. त्या काळी हे रुग्ण बहुधा मूल होण्याआधीच दगावत. मग सदोष जनुक संपून का जात नाही? इंजिनीअरिंगवाल्यांनी गळकी टाकी डोळ्यांसमोर आणावी. गळूनही पातळी तीच राहत असेल, तर कुठून तरी पाणी येतच असणार. हे पाणी म्हणजे नवे म्युटेशन, म्हणजेच जनुकात आपोआप होणारा बदल. लंडनमधल्या आकडेवारीवरून 1935 मध्ये त्यांनी त्याचा वेग काढला : पिढीमागे सुमारे 50 हजारांत एक. हिमोफिलिया जगभर साधारण सारख्याच प्रमाणात आढळतो, तो यामुळेच.

मग थॅलेसेमिया?

इथे मात्र गणित फसत होते. अमेरिकेतल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांत थॅलेसेमियाचे प्रमाण इतके होते की ते केवळ नव्या म्युटेशनने भरून निघणे हाल्डेन यांना पटेना. 1948 च्या स्टॉकहोम परिषदेत त्यांनी वेगळी शक्यता मांडली. सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, म्हणजे वाहक, मलेरियाच्या प्रदेशात इतरांपेक्षा जास्त तगत असतील. पुरावा हाती नव्हता, फक्त तर्क होता. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत तो दाखवून दिला.

थोडक्यात, वाहक असणे हा डाग नाही. मलेरियातून तरलेल्या पूर्वजांची ती खूण आहे.

भिवंडीशी संबंध काय?

थॅलेसेमियाचे एकच म्युटेशन नाही, दोनशेहून अधिक आहेत. सिंधी आणि लोहाणा समाजांत जनुकातली 619 अक्षरे गळालेली असणे बरेच दिसते, इतरत्र एखादेच अक्षर बदललेले असते. सिकलसेलमध्ये सगळीकडे तेच एक अक्षर बदलते आणि राज्यातल्या अनेक आदिवासी समाजांत तो आढळतो. यंत्रमागांच्या या शहरात उत्तर प्रदेश, तेलंगणा, गुजरात, कोकण अशा सगळीकडची माणसे आली, तालुक्यात वारली-कातकरी पाडेही आहेत. त्यामुळे आडनाव पाहून अंदाज बांधण्यापेक्षा हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी केलेली बरी.

एकच जोडीदार वाहक असेल तर मुलाला हा गंभीर आजार होत नाही. दोघेही असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका असतो. अशा जोडप्यांना गर्भावस्थेतच तपासणी करता येते. लग्न मोडणे हा काही एकमेव मार्ग नाही.

शेवटची वर्षे भारतात

सुएझवरील ब्रिटिश हल्ल्याचा निषेध म्हणून आपण देश सोडत असल्याचे सांगत हाल्डेन 1957 मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. कुर्ता घालू लागले, शाकाहारी झाले, भारताचे नागरिक झाले. संस्थेशी मात्र बिनसले आणि पुढे त्यांनी भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारली. तिथेच 1 डिसेंबर 1964 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.