विहिरीचे पाणी आणि करजगावचे टिळक



आज प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार. संत योहानच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय आपण आज ऐकला. भर दुपारी एक शोमरोनी स्त्री विहिरीवर येते आणि थकलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो. बोलता बोलता ती एक जुना वाद काढते. आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करीत आले, तुम्ही यहुदी म्हणता जेरुसलेमातच करावी, मग खरे कोणाचे? प्रभू डोंगराचीही बाजू घेत नाही आणि जेरुसलेमचीही नाही. पित्याचे खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करतील, असे तो तिला सांगतो.

या उताऱ्यावर प्रवचने पुष्कळ होतात. आज आम्ही प्रवचन न करता एका माणसाचे चरित्र सांगणार आहोत. तो आपल्याच जिल्ह्यातला होता.

रत्नागिरीत टिळक म्हटले की लोकमान्य आठवतात आणि पावले टिळक आळीकडे वळतात. ते स्वाभाविकच आहे. पण दुसरे एक टिळक याच जिल्ह्यात, दापोलीकडच्या करजगावात ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मले. ते म्हणजे नारायण वामन टिळक. शाळेत त्यांच्या कविता आपल्यापैकी अनेकांनी पाठ केल्या असतील. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते ख्रिस्ती होते हे मात्र आपल्या धर्मग्रामातल्या अनेकांना ठाऊक नाही, असे आम्हाला चौकशीअंती आढळले!

घर चित्पावन ब्राह्मणाचे. वडील कडक स्वभावाचे. आई जानकीबाई भाविक आणि कविमनाची. आई गेली तेव्हा नारायण अकरा-बारा वर्षांचा होता. आईमागे घरात त्याचे मन रमले नाही. तो नाशिकला गेला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. ती मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. टिळकांविषयी आपल्याला जे घरातले, जवळचे काही कळते, त्यातले बरेचसे त्या पुस्तकामुळे. मराठीत याहून प्रामाणिक पुस्तक विरळाच. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचनालयातून अवश्य आणावे.

टिळकांच्या पायाला भिंगरी होती. आज इथे, उद्या तिथे. कीर्तने केली, शाळेत शिकवले, नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्याकडे राहून वेदवाङ्मयाचे काम केले, 'ऋषी' नावाचे मासिक चालवले. पैसा हाती आला की वाटेत भेटेल त्याला दिला जाई आणि घरी लक्ष्मीबाई चुलीपाशी वाट पाहत बसत. या सगळ्या भटकंतीत एक प्रश्न त्यांना सोडत नव्हता. देव सर्वांचा बाप असेल, तर त्याच्याकडे जाण्याची वाट काहींनाच मोकळी आणि इतरांना बंद अशी कशी? सर्वांना एकत्र आणणारा नवाच धर्म आपण मांडावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. गप्पा कवितेवरून धर्माकडे वळल्या. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण शब्द दिला होता म्हणून पुस्तक उघडले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते त्यांना खाली ठेववेना. जे शोधत होतो ते इथे आधीच मांडलेले आहे, असे त्यांना वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांची मुदत जेमतेम भरत होती.

टिळक कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९०४ साली तिथेच त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मग आपल्या पत्रिकेत त्यांचे चरित्र कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर आम्ही पुढे देतो. आधी पाण्याची गोष्ट.

पतीने धर्म बदलला हे कळल्यावर लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. माहेरच्या माणसांनी त्यांना आधार दिला. मधला काही काळ त्या पंढरपुरातही होत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या मुलाला घेऊन पतीकडे राहू लागल्या, पण अटीवर. ख्रिस्ती घरात त्यांचे सोवळे वेगळे, चूल वेगळी आणि पाणी वेगळे. आपले पाणी त्या आपणच भरत आणि दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागू देत नसत. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. हा माणूस तापट होता, घरात भांडणे होत, पण या एका बाबतीत त्यांनी धीर धरला.

मग राहुरीला असताना एके दिवशी लक्ष्मीबाई एकट्या बसून विचार करू लागल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या देहात काही फरक दिसायला हवा होता. पशुपक्ष्यांत जसा दिसतो तसा. तो तर कुठेच दिसत नाही. जन्म तसाच, मरण तसेच, भूक तशीच. उठल्या त्या ठरवूनच, की आता कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. कोणी पाळक समोर बसून उपदेश करीत नव्हता, हे लक्षात घ्या. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आजच्या शुभवर्तमानातही क्रम हाच आहे. उपासनेचा प्रश्न पुष्कळ नंतर येतो. पहिली गोष्ट पाण्याची. यहुदी शोमरोन्यांच्या भांड्यातले पाणी पीत नसत, आणि प्रभूजवळ तर पोहराही नव्हता. म्हणजे तिच्याच भांड्यातून तिच्याच हातचे पाणी तो मागत होता. ती चकित झाली ती यामुळे. डोंगर की जेरुसलेम हा वाद तिथेच अर्धा निकालात निघाला होता! सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा देव कोणत्याही स्थळात का मावत नाही, यावर आम्हाला पानेच्या पाने लिहावी लागली. त्या पानांत पाण्याचा उल्लेख कुठे नव्हता.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपण एकाच वेदीसमोर गुडघे टेकतो, एकच परमप्रसाद घेतो. पण लग्न जुळवताना घराणे कोणते, मूळचे कोणत्या वाड्यावरचे, ही चौकशी आपल्या कॅथलिक घरांतून होतेच. नाव निराळे, प्रश्न तोच. सणाला कोणाच्या घरी नुसते दारातून शुभेच्छा देऊन परततो आणि कोणाच्या घरी बसून जेवतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. आम्हीही यातून सुटलेलो नाही. घरांना आशीर्वाद देत फिरताना काही घरी चहा घेतला आणि काही घरी वेळ नाही म्हणून उठलो. ती घरे कोणती होती, हे आम्हाला नंतर जाणवले.

पुन्हा टिळकांकडे. त्यांची पुढची वर्षे मुख्यतः नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. तिथल्या देवळातली भजने परक्या चालीवर होती आणि शब्द बहुधा भाषांतरित. टिळकांना वाटले, ज्या चालीवर आई मुलाला निजवते त्या चालीवर देवाला का आळवू नये? त्यांनी अभंग आणि ओव्या रचल्या, आणि ख्रिस्ताची कथा टाळ-मृदंगाच्या साथीने कीर्तनातून सांगितली. त्यांची शंभराहून अधिक भजने मराठी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी आहेत. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. तुकोबांवरचे प्रेम त्यांनी सोडले नाही आणि लपवलेही नाही. घर तर धर्मशाळाच होती. बालकवी ठोमरे त्यांच्याकडे राहत, आणि ते शेवटपर्यंत हिंदूच राहिले.

मराठी ओवीतून ख्रिस्तकथा सांगण्याचे काम टिळकांच्या तीनशे वर्षे आधी एका कॅथलिक धर्मगुरूने केले होते, हे येथे सांगायला हवे. फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीयाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. गोव्याच्या भाविकांनी ते पुढे पिढ्यानपिढ्या गायिले. पण नंतर स्थानिक भाषाच दडपल्या गेल्या आणि तो झरा आटला. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले, पण ते पुरे करण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. सुरुवातीचे काही अध्याय त्यांचे. पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचा पगार सोडला. पगारी माणूस देवाविषयी बोलतो तेव्हा लोक आधी पगाराकडे पाहतात, हे त्यांना टोचत होते. (हे वाक्य लिहिताना आम्हीही जरा थांबलो.) ते साताऱ्याला गेले आणि तिथे 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा मेळा, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही. नवा पंथ काढायचा नव्हता. जो ज्या मंडळीत आहे त्याने तिथेच राहावे, पण प्रेमाने, सेवेने आणि भजनाने एकत्र यावे, एवढीच कल्पना. दरबाराला विशिष्ट देऊळ लागत नव्हते. जिथे बसले तिथे दरबार.

इथे धर्मगुरू म्हणून आम्हाला टिळकांपासून थोडे दूर व्हावे लागते. बाप्तिस्मा ही ऐच्छिक बाब आहे, असे ख्रिस्तसभा मानत नाही. आपल्या श्रद्धेप्रमाणे प्रभू स्वतः त्या पाण्यातून आणि भाकरीतून भेटतो. नुसत्या सद्भावनेने ती उणीव भरून निघत नाही. दरबाराचेच पाहा. टिळक गेल्यावर तो फार काळ तग धरू शकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली गोष्ट त्या माणसाबरोबर मावळते. २०२० साली टाळेबंदीत चर्चचे दार बंद होते, तेव्हा आपण मोबाईलवर मिस्सा पाहिली. त्यानंतर काहीजण आम्हाला म्हणू लागले की देव तर घरीही भेटतो, मग रविवारी यायचे कशाला? योहानच्या चौथ्या अध्यायाचा असा सोयीस्कर अर्थ काढणे बरोबर नाही. प्रभू त्या स्त्रीला घरी बसायला सांगत नाही. ती घागर तिथेच टाकून गावात पळते आणि गावाला घेऊन येते. टिळकही घरी बसले नाहीत. पण दारात उभ्या असलेल्याला आत बोलवायचे की नाही, हा टिळकांचा प्रश्न मात्र आपल्याला चुकवता येत नाही. तो आपल्या बाकांवरही बसलेला आहे.

हाच प्रश्न त्या काळी एका कॅथलिकालाही पडला होता. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय हे योगायोगाने टिळकांच्याच वर्षी, १८६१ साली जन्मले. भगवी वस्त्रे घालून कॅथलिक संन्यासी म्हणून जगावे आणि मठ स्थापावा असा त्यांचा प्रयत्न होता. त्या वेळच्या वरिष्ठांना तो मानवला नाही आणि मठ बंद पडला. ते १९०७ साली वारले. पुढे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात उपासनेत लोकभाषेला दार उघडले, आणि म्हणूनच आज आपण मराठीत मिस्सा ऐकतो. उशीर झाला, पण दार उघडले. कॅथलिक पत्रिकेत टिळक का, याचे उत्तर हेच. आपण ज्या वाटेवरून आता सहज चालतो तिच्यावरचे दगड ज्यांनी उचलले, त्यांत करजगावचा हा माणूस आहे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. वय सत्तावन्न. आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती आणि तसेच झाले. त्या काळी ख्रिस्ती माणसासाठी ही गोष्ट अगदीच अनोखी. (कॅथलिकांना दहनाची मुभा १९६३ साली मिळाली.) त्यांच्या अस्थी नगरला ठेवल्या आहेत. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे सतरा वर्षे जगल्या.

आज अर्पणाच्या वेळी गायकवृंद टिळकांचे एक भजन म्हणणार आहे. तबल्याची साथ आहे. चाल सोपी आहे, सर्वांनी म्हणावे. मिस्सेनंतर आवारात पाण्याचा माठ आणि सरबत ठेवले आहे. थोडे थांबावे, आणि ज्यांच्याशी आजवर बोलणे झाले नाही त्यांना पेला आपल्या हाताने द्यावा.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू