मोडलेल्या हाडाला स्टीलची प्लेट लावणारा लेन, ज्यानं शेवटी डॉक्टरांच्या यादीतून स्वतःचंच नाव काढून घेतलं

बाथरूममध्ये पाय घसरतो आणि आजी खांद्यावर पडते. एक्स-रे काढला की कळतं, दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलंय. मग डॉक्टरांच्या केबिनबाहेर सगळ्या घराला एकच प्रश्न पडतो. प्लेट टाकायची, की हात गळ्यात बांधून ठेवायचा?

हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनचे डॉक्टर यावरून एकमेकांशी भांडत होते. त्या भांडणाच्या मधोमध उभा होता एक सर्जन, विल्यम आर्बथनॉट लेन.

लेनचा जन्म ४ जुलै १८५६ चा, स्कॉटलंडमधल्या फोर्ट जॉर्ज या लष्करी किल्ल्यातला. वडील सैन्यात डॉक्टर. १८७२ मध्ये, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी पोरगं लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये शिकायला आलं आणि पुढची कारकीर्द तिथंच झाली.

सुरुवातीला लेन शरीरशास्त्र शिकवायचा. शवविच्छेदनाच्या टेबलावर येणारे बहुतेक मृतदेह गरीब कष्टकऱ्यांचे असायचे. त्यात त्याला एक गोष्ट दिसली. कोळसा वाहणाऱ्या हमालाचा सांगाडा वेगळा आणि आयुष्यभर वाकून चपला-बूट शिवणाऱ्याचा वेगळा. माणूस जे काम करतो, तसं त्याचं हाड घडतं.

इथूनच त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हाड कामाप्रमाणं घडत असेल, तर ते वाकडं जुळल्यावर त्या माणसाच्या कामाचं काय होत असेल?

तेव्हा हाड मोडलं की ओढून जागेवर आणायचं, फळ्या बांधायच्या आणि वाट बघायची. हाड जुळलं की डॉक्टरांच्या लेखी पेशंट बरा. पण गोदीतल्या मजुराचा पाय वाकडा जुळला तर त्याला ओझं उचलता यायचं नाही. कागदावर बरा झालेला माणूस घरी बेकार बसायचा. लेनचं म्हणणं सरळ होतं. पेशंट पुन्हा कामावर गेला तरच उपचार यशस्वी.

त्यात १८९५ मध्ये जर्मनीत राँटजेननं एक्स-रे शोधला. नीट बसलंय असं वाटणारं हाड आत किती सरकलंय, हे आता उघड दिसायला लागलं.

लेननं ठरवलं, हाड उघडायचं आणि डोळ्यासमोर जुळवायचं. आधी त्यानं तारा आणि स्क्रू वापरले. १९०५ च्या सुमारास तो स्टीलच्या प्लेटकडं वळला. प्लेटची कल्पना मात्र त्याची एकट्याची नव्हती. हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समननं १८८६ मध्येच तसं करून दाखवलं होतं.

मग लेनचं वेगळेपण काय?

तर तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. कातडी न फाटलेलं फ्रॅक्चर उघडायचं म्हणजे जंतूंना आत बोलवायचं. पू झाला तर हात-पाय कापावा लागायचा, जीवही जायचा. म्हणून बहुतेक सर्जन या वाटेला जायचे नाहीत.

लेननं यावर तोडगा काढला. जखमेत बोट घालायचंच नाही! त्यानं लांब दांड्यांची हत्यारं बनवून घेतली. जखमेच्या कडांना स्वच्छ कापड चिमट्यांनी लावलं. हत्याराचं जे टोक जखमेत जाणार, त्याला हात लावायला बंदी. सुईत दोरासुद्धा चिमट्यानं ओवायचा. ही पद्धत ‘नो टच’ नावानं ओळखली गेली.

पण ती शिस्त इतरांना जमेना. बाकीचे नुसत्या प्लेटा उचलायचे, काटेकोरपणा मागंच राहायचा. मग जंतुसंसर्ग व्हायचा आणि नाव लेनचं खराब. दोष त्याच्या प्लेटमध्येही होता. तिचं स्टील शरीरात गंजायचं आणि ती मोडायचीसुद्धा. पुढं अमेरिकेत विल्यम शर्मननं १९१२ च्या सुमारास जास्त मजबूत प्लेट आणली.

१९१३ मध्ये लेनला सर हा किताब आणि बॅरोनेटची पदवी मिळाली. पण याच काळात तो घसरलाही. बद्धकोष्ठतेमुळं शरीरात विष पसरतं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं आणि तो लोकांची मोठी आतडी काढत सुटला होता. काही पेशंट दगावले. हाडाच्या बाबतीत पुराव्यावर चाललेला माणूस इथं स्वतःच्या कल्पनेच्या प्रेमात पडला. सहकाऱ्यांनी कडाडून विरोध केला.

हळूहळू लेन चाकूकडून ताटाकडं वळला. कोंड्याची ब्रेड, फळं, भाज्या खा, म्हणजे ऑपरेशनची वेळ येणार नाही, असं तो सांगू लागला. १९२५ मध्ये त्यानं न्यू हेल्थ सोसायटी काढली. पण डॉक्टरनं थेट लोकांसमोर असा प्रचार करणं नियमात बसत नव्हतं. म्हणून १९३३ मध्ये त्यानं मेडिकल रजिस्टरमधून स्वतःचं नावच काढून घेतलं. १६ जानेवारी १९४३ ला, वयाच्या ८६ व्या वर्षी तो गेला.

आज खांद्यासाठी लॉकिंग प्लेट मिळते. तिच्यात स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आटे धरून घट्ट बसतं, त्यामुळं म्हातारपणी ठिसूळ झालेल्या हाडातही पकड चांगली राहते.

तरी जुनं भांडण संपलेलं नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या २५० पेशंटचा एक अभ्यास आला. दंडाचं हाड खांद्याजवळ मोडून सरकलेल्या या लोकांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांचा हात झोळीत ठेवला. दोन वर्षांनी दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. याचा अर्थ प्लेट वाईट असा नाही. सांधा निखळलाय का, तुकडे किती झालेत, वय काय, यावर निर्णय फिरतो आणि काही फ्रॅक्चरला ऑपरेशन लागतंच.

म्हणून केबिनमध्ये गेल्यावर नुसतं प्लेट टाकायची का, एवढंच विचारू नका. लेननं गोदीतल्या मजुरासाठी विचारलेला प्रश्न आजीसाठी विचारा. तिला पुन्हा स्वतःचे केस स्वतः विंचरता यावेत, यासाठी कोणता उपाय बरा?