चंडीगडने एकदाच निवडून दिलेले कृष्णकांत

चंडीगड, २७ जुलै : देशाचे दहावे उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचा आज स्मृतिदिन. राज्यसभेचे सभापती, आंध्र प्रदेशचे राज्यपाल आणि काँग्रेसमधील तरुण तुर्क या नात्यांनी ते आजही आठवले जातात. मात्र लोकसभेवर ते आयुष्यात एकदाच निवडून गेले आणि तेही चंडीगडमधून, याची आठवण खुद्द या शहरातही फारशी काढली जात नाही.

चंडीगड हा मतदारसंघच मुळात वेगळा आहे. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली आणि हे शहर दोन राज्यांची राजधानी व केंद्रशासित प्रदेश बनले. दोन राज्यांच्या विधानसभा येथे भरतात. शहराला मात्र स्वतःची विधानसभा नाही आणि राज्यसभेतही जागा नाही. महानगरपालिकेची पहिली निवडणूक व्हायलाही १९९६ साल उजाडावे लागले. त्यामुळे दीर्घकाळ येथील नागरिकाला आपला राग-लोभ व्यक्त करण्यासाठी लोकसभेची एकच मतपत्रिका उपलब्ध होती. १९६७ च्या पहिल्याच निवडणुकीत या मतदाराने भारतीय जनसंघाचे श्रीचंद गोयल यांना निवडून दिले. १९७१ मध्ये काँग्रेसचे अमरनाथ विद्यालंकार विजयी झाले. त्यानंतर आली १९७७ ची निवडणूक.

कृष्णकांत यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९२७ रोजी तत्कालीन अमृतसर जिल्ह्यातील कोट मोहम्मद खान या गावी झाला. वडील लाला अचिंतराम हे लाला लजपतराय यांच्या परंपरेतील स्वातंत्र्यसैनिक. पुढे ते संविधान सभेचे आणि लोकसभेचे सदस्य झाले. लाहोरमध्ये शिकत असतानाच कृष्णकांत छोडो भारत आंदोलनात उतरले. बनारस हिंदू विद्यापीठातून तंत्रविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन त्यांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत काम केले. राजकारणात आल्यावरही त्यांच्यातील वैज्ञानिक मागे पडला नाही. भारताने अण्वस्त्रसज्ज व्हावे, अशी भूमिका ते अनेक वर्षे मांडत राहिले, आणि १९९८ च्या पोखरण चाचण्या ते उपराष्ट्रपती असतानाच झाल्या. गांधीवादी घरातून आलेल्या माणसाने हे मत बाळगावे, याचे त्यांच्या अनेक स्नेह्यांना नवल वाटले असेल.

१९६६ पासून ते राज्यसभेत हरियाणाचे प्रतिनिधित्व करीत होते. चंद्रशेखर, पुण्याचे मोहन धारिया आणि कृष्णकांत या मंडळींना तरुण तुर्क हे नाव पडले ते त्याच काळात. बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे बंद करणे या प्रश्नांवर ते इंदिरा गांधी यांच्या बाजूने हिरिरीने लढले. पण जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाशी संघर्ष नको, संवाद हवा, असा आग्रह त्यांनी धरला आणि वाटा वेगळ्या झाल्या. संवादाचाच पुरस्कार केल्यामुळे धारिया यांना मार्च १९७५ मध्ये मंत्रिपद गमवावे लागले. आणीबाणीला विरोध केल्याबद्दल कृष्णकांत यांना काँग्रेसमधून काढून टाकण्यात आले.

आणीबाणीशी चंडीगडचाही जवळचा संबंध आला. अटकेनंतर जयप्रकाशांना नोव्हेंबर १९७५ पर्यंत स्थानबद्ध ठेवले होते ते येथीलच पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत, पीजीआय या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या रुग्णालयात. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले. पुढच्याच वर्षी नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी जयप्रकाशांच्या प्रेरणेने जी संघटना स्थापन झाली, तिचे अध्यक्ष होते मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे, सरचिटणीस होते कृष्णकांत. मार्च १९७७ मध्ये ते जनता पक्षाचे उमेदवार म्हणून चंडीगडमध्ये उभे राहिले आणि विजयी झाले. त्या लाटेत शेजारच्या पंजाब आणि हरियाणातही काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही.

या विजयातच पुढच्या पेचाचे बीज होते. जनसंघ तोवर जनता पक्षात विलीन झाला होता. ज्या शहराने दहा वर्षांपूर्वी जनसंघाचा खासदार दिल्लीला पाठवला होता, तेथे जनता पक्षाच्या उमेदवारामागे त्या पक्षाची माणसे असणे स्वाभाविकच होते. तरीही जनता पक्षाच्या सदस्याने त्याच वेळी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध ठेवावेत काय, हा दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा तो नेटाने लावून धरणाऱ्यांत मधू लिमये यांच्यासह कृष्णकांतही होते. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांचे सरकार कोसळले. कुणी याला तत्त्वनिष्ठा म्हटले, कुणी घरभेदीपणा. एवढे खरे, की आपल्याला निवडून देणाऱ्या आघाडीचा एक मोठा भाग दुखावेल, हे ठाऊक असूनही त्यांनी ती भूमिका घेतली. १९८० मध्ये चंडीगडची जागा काँग्रेसचे जगन्नाथ कौशल यांच्याकडे गेली, १९८४ मध्येही ती त्यांच्याकडेच राहिली. कृष्णकांत पुन्हा लोकसभेत आले नाहीत.

फेब्रुवारी १९९० मध्ये ते आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. दिल्लीत पंतप्रधान बदलत गेले, राज्यपाल मात्र सात वर्षांहून अधिक काळ तेच राहिले. ऑगस्ट १९९५ मध्ये तेलुगू देसम पक्ष फुटला, तेव्हा विधानसभा बरखास्त करण्याची मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांची शिफारस त्यांनी मान्य केली नाही; १ सप्टेंबरला चंद्राबाबू नायडू यांचा शपथविधी झाला. १९९७ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांनी सुरजितसिंग बर्नाला यांचा ४४१ विरुद्ध २७३ मतांनी पराभव केला.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, त्या वेळी दहशतवाद्यांची मोटार संसदेच्या आवारात कृष्णकांत यांच्यासाठी उभ्या असलेल्या मोटारीवर आदळली. ते इमारतीच्या आत होते, म्हणून बचावले. पुढच्या वर्षी राष्ट्रपतिपदासाठी त्यांच्याही नावाची चर्चा झाली, निवड डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची झाली. २५ जुलै २००२ रोजी कलाम यांनी शपथ घेतली आणि दोनच दिवसांनी, २७ जुलैला, दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने कृष्णकांत यांचे निधन झाले. ते ७५ वर्षांचे होते. पदावर असताना निधन पावलेले ते देशाचे पहिले उपराष्ट्रपती. त्यांची मुदत संपायला चार आठवडेही उरले नव्हते. १२ ऑगस्टला नव्या उपराष्ट्रपतींसाठी मतदान झाले आणि निवडून आले ते जनसंघाच्या मुशीत घडलेले भैरोसिंह शेखावत.