सुट्टीतील शिक्षक : मायकेल फॅरडे

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत तुम्ही काय करता? लंडनमधील अनेक मुले नाताळच्या सुट्टीत मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकायला जात.

फॅरडे यांचा जन्म १७९१ साली एका गरीब लोहाराच्या घरी झाला. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. लहानपणीच ते पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकू लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचत असत. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्यांना शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडे यांनी व्याख्यानांची टिपणे काढली आणि ती स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली. १८१३ साली डेव्हींनी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत मदतनीस म्हणून घेतले.

पुढे फॅरडे यांनी विजेसंबंधी मोठे शोध लावले. पण ते मुलांना विसरले नाहीत. त्याच संस्थेत १८२७ ते १८६० या काळात त्यांनी मुलांसाठी नाताळच्या एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. एक माला तर साध्या मेणबत्तीवर होती! ज्योतीवर थंडगार भांडे धरले, की त्यावर पाण्याचे थेंब जमतात, हे त्यांनी मुलांना प्रयोगाने दाखवले.

१८६७ साली फॅरडे वारले. मित्रांनो, कोणीतरी दिलेल्या तिकिटांमुळे एका गरीब मुलाला विज्ञानाची वाट सापडली. या सुट्टीत तुम्ही शेजारच्या एखाद्या लहान मुलाला काय शिकवाल?