कॉर्नेलिया सोराबजी : पडद्याआडच्या अशिलांच्या बॅरिस्टर

मालक कोण, असें विचारल्यास आपण सहज म्हणतों कीं, ज्याचें नांव दप्तरीं तो मालक. परंतु नांव दप्तरीं असूनही आपली जमीन किती, तिचा वसूल किती आणि काल आपण ज्या कागदावर सही केली त्यांत काय लिहिलें होतें, ह्यांपैकीं कांहींच ज्यांस ठाऊक नसे, अशा पुष्कळ मालकिणी एके काळीं हिंदुस्थानांत होत्या. पडदा पाळणाऱ्या घराण्यांतील ह्या विधवा राण्या व जमीनदारणी परपुरुषासमोर येत नसत; आणि वकील, न्यायाधीश, कलेक्टर हे तर सारे पुरुषच. त्यामुळें त्यांची बाजू म्हणजे कारभारी सांगेल ती; आणि पुष्कळदां तक्रार असे ती त्या कारभाऱ्याविरुद्धच! हा पेंच सोडविण्यासाठीं ज्या विदुषीनें आपलें आयुष्य वेंचलें, त्या कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं नाशिक येथें झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळांत जन्मून पुढें ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक होते. मातोश्री फ्रान्सिनाबाई ह्यांनीं पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल काढिलें. मातोश्रींकडे अडल्यानडल्या स्त्रिया सल्ला घेण्यास येत. कॉर्नेलियाबाई लहान असतांना काठेवाडांतील एक श्रीमंत विधवा अशीच आली. तिच्या कारभाऱ्यानें विश्वासाच्या आधारें तिची सही घेऊन तिची मिळकत आपल्या नांवें करून घेतली होती. सही खरी होती. संमति मात्र खोटी होती. अशा स्त्रियांस मदत करावयाची तर कायदा शिकला पाहिजे, असें आईनें मुलीस सांगितलें, आणि मुलीनें तें मनांत धरिलें.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून कॉर्नेलियाबाईंनीं मुंबई युनिव्हर्सिटीची पदवी मिळविणारी पहिली स्त्री होण्याचा मान संपादिला. परीक्षेंत पहिला वर्ग मिळाल्यामुळें विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांच्या वांट्यास यावयाची. पण ती स्त्रीस देतां येत नाहीं, असा निर्णय झाला. हताश न होतां त्यांनीं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत तरुण विद्यार्थ्यांस शिकविण्याचें काम पत्करिलें. पुढें विलायतेंतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली; तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचाही हातभार होता. १८८९ सालीं बाई ऑक्सफर्डच्या समरव्हिल हॉलमध्यें दाखल झाल्या. १८९२ सालीं खास परवानगीनें पुरुष विद्यार्थ्यांबरोबर बसून त्यांनीं बी. सी. एल. ही कायद्याची कठीण परीक्षा दिली. तेथें ही परीक्षा देणारी पहिली स्त्री त्याच. त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाहीं. कारण ऑक्सफर्ड तेव्हां स्त्रियांस पदवी देतच नसे. ती हातीं पडण्यास १९२२ साल उजाडावें लागलें.

स्वदेशीं परतल्यावर काठेवाड व इंदूर येथील ब्रिटिश एजंटांपुढें पडदानशीन स्त्रियांचे अर्ज मांडण्याची त्यांस मुभा मिळाली; परंतु कोर्टांत उभें राहून वाद करण्याचा अधिकार नव्हता. ह्या काळांतील एक गमतीची हकीकत त्यांनीं आपल्या आठवणींत नमूद केली आहे. एका संस्थानांत एका हत्तीस लावून दिलेली केळीची बाग काढून घेण्यांत आली होती, व हत्तीचे वकीलपत्र बाईंकडे आलें. राजेसाहेबांच्या कुत्र्यास बाई आवडल्या, एवढ्यावरच निकाल त्यांच्या बाजूनें झाला! दुसरा कोणी ह्या यशानें हुरळून गेला असता. पण मर्जीनें मिळालेला न्याय मर्जीनेंच जातो. बाईंस कायद्यानें मिळणारा न्याय हवा होता. म्हणून त्यांनीं १८९७ सालीं मुंबईची एल्‌एल्. बी. व १८९९ सालीं अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही सनद मिळाली नाहीं.

त्यांच्या कामाचें मोल कळण्यास कायद्याचें एक तत्त्व ध्यानांत घेतलें पाहिजे. बाईंच्या जन्माच्याच वर्षीं, १८६६ सालीं, विलायतेंत हाउस ऑफ लॉर्ड्सनें रॅम्सडेन विरुद्ध डायसन ह्या खटल्याचा निकाल दिला. त्यांत असें सांगितलें गेलें कीं, आमच्या जमिनीवर कोणी ती आपली समजून घर बांधूं लागला, त्याची चूक आम्हांस दिसत असून आम्ही तोंड उघडलें नाहीं, तर पुढें जमीन आमची म्हणून त्यास हुसकावून लावण्यास आम्ही मोकळे नाहीं. आपल्या बोलण्यानें, वागण्यानें किंवा मौनानें दुसऱ्यास भरंवसा दिला म्हणजे मागाहून तो फिरवितां येत नाहीं. ह्यास एस्टॉपेल म्हणतात, आणि १८७२ सालच्या हिंदुस्थानच्या पुराव्याच्या कायद्यांतही एस्टॉपेलास स्थान मिळालें. तत्त्व न्यायाचेंच आहे. मात्र मौन बाधावयाचें तर गप्प राहणाऱ्यास आपला हक्क व दुसऱ्याची चूक हीं दोन्ही ठाऊक असलीं पाहिजेत. पडद्याआडच्या मालकिणीस तीं ठाऊक होणार कशीं? म्हणून न्यायालयांनीं व प्रिव्ही कौन्सिलनें असा नियम घातला होता कीं, पडदानशीन स्त्रीच्या दस्तऐवजावर जो हक्क सांगेल, त्यानेंच ती मजकूर समजून सही करीत होती हें शाबीत करावें. नियम उत्तम, पण पडद्याआड तिच्याजवळ बसून तिला तो मजकूर समजावणार कोण?

तें काम कॉर्नेलियाबाईंनीं अंगावर घेतलें. अशा स्त्रियांसाठीं स्त्री सल्लागार नेमावी, असा त्यांनीं सरकारदरबारीं आग्रह धरिला, आणि १९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारसांच्या व कारभार चालविण्यास असमर्थ ठरलेल्या मालकांच्या इस्टेटी हें खातें देखरेखीखालीं घेत असे. पुढें बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम ह्या प्रांतांतून त्यांचें काम चाललें. पडद्याआड जाऊन त्या मालकिणीचें म्हणणें तिच्याच तोंडून ऐकत, कागदाचा अर्थ सांगत, पोटगी, दत्तक, वारसा ह्यांचे तंटे मिटवीत आणि अज्ञान मुलांच्या शिक्षणाचीही वास्तपुस्त करीत. सहाशेंहून अधिक स्त्रिया व मुलें ह्यांस त्यांचें साहाय्य झालें. कित्येकदां त्यांनीं त्याबद्दल कांहीं मोबदलाही घेतला नाहीं. १९०९ सालीं त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळालें.

अखेर १९२१ सालीं अलाहाबाद हायकोर्टानें त्यांचें नांव वकिलांच्या यादींत दाखल केलें. १९२३ सालच्या कायद्यानें हिंदुस्थानांतील सर्वच स्त्रियांस वकिलीची वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षीं लंडनच्या लिंकन्स इन ह्या संस्थेंतून बाई बॅरिस्टर झाल्या. वय तेव्हां सत्तावन्नाच्या घरांत होतें. १९२४ पासून त्यांनीं कलकत्त्यास वकिली केली. तेथेंही पुरुषांचा पूर्वग्रह आडवा आला. त्यांच्या वांट्यास प्रत्यक्ष वादविवादापेक्षां लेखी अभिप्राय तयार करण्याचेंच काम अधिक आलें. १९२९ सालीं व्यवसाय सोडून त्या लंडनला राहिल्या. १९३४ सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें, आणि ६ जुलै १९५४ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

चरित्र सांगतांना उणी बाजू झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. बाई ब्रिटिश राज्याच्या पक्षपाती होत्या. गांधीजींच्या चळवळीस त्यांचा विरोध होता, आणि त्यामुळें अनेक देशबांधव त्यांस दुरावले. शिवाय त्यांचा मार्ग पालकत्वाचा होता: जो हक्क कायद्यानें दिला असेल तो सांभाळावयाचा. पण त्या काळच्या हिंदु विधवेस पतीच्या मिळकतीवर मुळांत मर्यादितच हक्क असे. ती हयातभर उपभोग घेई, पण मनास येईल तशी ती विकूं शकत नसे. १९३७ च्या कायद्यानें विधवेस वांटा मिळाला, परंतु ही मर्यादा राहिलीच. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें ती काढली आणि स्त्री आपल्या मिळकतीची पूर्ण मालकीण झाली. तो दिवस बाईंस दिसला नाहीं.

तथापि कायद्यानें मालकी दिली तरी ती कळल्यावांचून हातीं येत नाहीं, हा त्यांच्या आयुष्याचा बोध कायमचा आहे. विद्यार्थिमित्रहो, बॅरिस्टर होणें सर्वांस साधणार नाहीं. परंतु घरांत आईपुढें अगर आजीपुढें एखादा कागद सहीसाठीं आला, तर तो आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्यानें वाचून दाखविणें, अर्थ सांगणें आणि तिनें होय म्हणेपर्यंत लेखणी तिच्या हातीं न देणें, एवढें तर ज्यास अक्षरओळख आहे त्या प्रत्येकास साधेल. आणि पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलीच्या नांवें जें कांहीं ठेवाल, त्याचे कागद तिला वाचावयास द्यावे.